दुरूदच्या जागी चौकोनी डबा

शाबान महिना संपत आला की गावोगावच्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत एक ठरलेले काम येते. रमजानचे वेळापत्रक. तीस ओळी, सहरीची शेवटची वेळ, इफ्तारची वेळ, वर मशिदीचे किंवा मंडळाचे नाव, खाली जाहिरात देणाऱ्या दुकानदारांची नावे. कागद साधाच असतो, पण महिनाभर तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बेकरीच्या गल्ल्यामागे, शिंप्याच्या मशीनसमोर चिकटलेला राहतो. त्यावर मजकूर मराठीत असतो, काही ओळी उर्दूत आणि रोजा सोडण्याची दुआ अरबीत. म्हणजे एकाच पानावर तीन भाषा. त्यातली एक डावीकडून उजवीकडे चालते, उरलेल्या दोन उजवीकडून डावीकडे.

या कागदावर एक चूक दरवर्षी कुठे ना कुठे होते. पैगंबरांच्या नावापुढे एक छोटे, गोलसर, गुंफलेले अरबी चिन्ह असायला हवे. दुकानातल्या पडद्यावर ते नीट दिसते. छापून आलेल्या गठ्ठ्यात मात्र त्या जागी रिकामा चौकोन असतो. दोन हजार प्रती छापून झालेल्या असतात, चंद्रदर्शन दोन दिवसांवर आलेले असते, आणि मग कोणीतरी काळ्या पेनाने एकेक डबा खोडत बसते.

हे चिन्ह म्हणजे शोभेची वेलबुट्टी नव्हे. पैगंबर मुहम्मद यांचे नाव उच्चारले किंवा लिहिले की त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, म्हणजे दुरूद पाठवायचे, हा मुस्लिमांचा शिरस्ता आहे. 'सल्लल्लाहु अलैहि व सल्लम' हे ते शब्द. अल्लाहची कृपा आणि शांती त्यांच्यावर असो, असा त्यांचा साधारण अर्थ. नाव दहा वेळा आले तर दुरूदही दहा वेळा. हाताने लिहिणाऱ्या कातिबांनी हे सगळे शब्द एकमेकांवर रचून त्यांची एक आटोपशीर आकृती केली. मराठी पुस्तकांनी वेगळी वाट काढली आणि नावापुढे कंसात नुसते 'स.' किंवा 'सल्ल.' लिहिले. सहकाऱ्यांच्या नावापुढे 'रजि.', इतर पैगंबरांच्या नावापुढे 'अलै.'. ही सोय जुनी आहे आणि तिच्यावरचा आक्षेपही जुना आहे. तेराव्या शतकातले हदीसचे विद्वान इब्न अस-सलाह यांनी दुरूद असे तोडून लिहिण्याबद्दल नापसंती नोंदवून ठेवली आहे. प्रार्थनेत कंजूषपणा कशाला, हा त्यामागचा भाव. त्यामुळे लिहिणाऱ्याला पूर्ण दुरूद हवे असते, जागा मात्र एका अक्षराचीच असते, आणि ते गुंफलेले चिन्ह दोन्ही गरजा भागवते.

जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिने दुरूदच्या या संपूर्ण वाक्याला एकच क्रमांक दिला आहे. ते वाक्य उलगडून सुटे लिहिले तर मधल्या मोकळ्या जागा धरून १८ अक्षरे होतात. एका क्रमांकाच्या पोटात एवढी अक्षरे असलेले दुसरे चिन्ह युनिकोडमध्ये नाही. २००३ मध्ये संपूर्ण बिस्मिल्लाहलाही असाच एक क्रमांक मिळाला. काही फोनवर ते एकच 'अक्षर' ओळीची सगळी रुंदी व्यापून पलीकडे जाते, हे ज्यांनी रमजानचे संदेश पुढे पाठवले आहेत त्यांना ठाऊक असेल. सहकाऱ्यांसाठी, इमामांसाठी, इतर पैगंबरांसाठी वापरायच्या आदरवचनांपैकी अनेकांना २०२१ मध्ये क्रमांक मिळाले. म्हणजे 'रजि.' आणि 'अलै.' यांनाही आता आपापली चिन्हे आहेत.

पण क्रमांक मिळणे वेगळे आणि आकार मिळणे वेगळे. युनिकोड फक्त सांगते की या क्रमांकावर अमुक चिन्ह आहे. ते कसे दिसते हे फॉन्टमध्ये असते. आणि एका फॉन्टमध्ये सगळी चिन्हे बसवणे शक्यही नाही, कारण फॉन्टच्या एका फाइलमध्ये ६५ हजारांच्या आसपासच आकृत्या मावतात, तर युनिकोडमधली अक्षरे दीड लाखाच्या घरात गेली आहेत. मराठी फॉन्ट करणारा देवनागरी करतो, बरोबर इंग्रजी आकडे-अक्षरे देतो आणि थांबतो. त्यात त्याचा दोष नाही. दुरूदचे चिन्ह इथे शब्दांतच सांगावे लागते आहे तेही त्यामुळेच. मराठी फॉन्टांत त्याचे घर सहसा नसते.

मग पडद्यावर ते दिसते कसे? उसनवारीने. निवडलेल्या फॉन्टात एखादे अक्षर सापडले नाही की संगणक दुसऱ्या फॉन्टाचे दार ठोठावतो, तिथे नाही तर तिसऱ्याचे. या मदतीला येणाऱ्या फॉन्टला फॉलबॅक फॉन्ट म्हणतात. हे सगळे न सांगता, न विचारता, क्षणात होते. कुठल्याच दारात अक्षर मिळाले नाही तर रिकामा चौकोन उमटतो. जपानी-चिनी स्वयंपाकातल्या सोयाबीनच्या पांढऱ्या वडीसारखा तो दिसतो, म्हणून संगणकवाले त्याला 'टोफू' म्हणतात. गुगलने जगभरच्या लिप्यांसाठी जी मोफत फॉन्टमाला काढली तिचे 'नोटो' हे नाव 'नो टोफू' यावरूनच आले आहे.

डीटीपीच्या दुकानात घोटाळा होतो तो या निमूट उसनवारीमुळे. फाइल तयार झालेल्या संगणकावर अरबी फॉन्ट असतो, छापखान्यातल्या संगणकावर नसतो. तिथे फाइल उघडताना एक खिडकी येते, अमुक फॉन्ट सापडला नाही, बदली कोणता घेऊ असे विचारते. ती इंग्रजीत असते, गिऱ्हाईक समोर उभे असते, आणि ऑपरेटर ओके दाबून मोकळा होतो. म्हणून तर जाणते लोक छपाईला फाइल देताना 'कर्व्ह करून द्या' असा आग्रह धरतात. सगळी अक्षरे चित्ररेषांत बदलली की फॉन्टाची गरजच उरत नाही. पण मग शेवटच्या क्षणी सापडलेली शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त करता येत नाही. पीडीएफ करताना फॉन्ट आत घालून देणे हा त्याहून चांगला मार्ग आहे.

एक उसनवारी मात्र संगणकाच्या फार आधीची आहे. ७८६. अरबी वर्णमालेत प्रत्येक अक्षराला एक संख्या असते. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते. भारतात आणि शेजारच्या देशांत पत्राच्या, पावतीच्या, लग्नपत्रिकेच्या डोक्यावर ती संख्या घातली जाते, कारण कागद पुढे रद्दीत गेला तरी पवित्र शब्दांची विटंबना होत नाही. अनेक उलेमांना ही पद्धत मान्य नाही. आकडे म्हणजे बिस्मिल्लाह नव्हे, असे ते सांगतात. पण अक्षरजुळणीच्या नजरेने पाहिले तर खिळ्यांच्या छापखान्यात अरबी खिळा नसला तरी सात, आठ आणि सहा हे आकडे जुळाऱ्याच्या खणांत असायचेच.

चौकोनी डबा निदान डोळ्यांना खुपतो. त्याहून अवघड प्रकार अशा चिन्हांचा आहे जी चुकली तरी पान व्यवस्थितच दिसते. रमजानमध्ये त्यांचे महत्त्व वाढते, कारण या महिन्यात घराघरांत कुरआनचे पठण चालते आणि रात्री तरावीहच्या नमाजात हाफिज, म्हणजे ज्यांना संपूर्ण कुरआन मुखोद्गत आहे असे लोक, तो क्रमाने ऐकवतात.

छापील कुरआनचे पान जवळून पाहिले तर अक्षरांच्या डोक्यावर बारीक बारीक चिन्हे दिसतात. त्यांतली काही स्वर दाखवतात, काही थांबे. भारतात छापल्या जाणाऱ्या प्रतींतल्या थांब्यांची पद्धत बाराव्या शतकातले मुहम्मद बिन तैफूर सजावंदी यांच्याकडे जाते. छोटा मीम असेल तर थांबायलाच हवे. छोटा जीम असेल तर थांबले तरी चालेल. 'ला' असेल तर थांबू नये. आणि तीन टिंबांचा एक त्रिकोण जवळजवळच्या दोन जागी येतो. त्याचा अर्थ, या दोन्हींपैकी एकाच जागी थांबा, दोन्हीकडे नाही.

हा त्रिकोण दुसऱ्या सूरेच्या अगदी सुरुवातीला भेटतो. तिथे 'फीह' असा एक शब्द आहे, म्हणजे 'त्यात'. तो आधीच्या शब्दांबरोबर वाचला तर त्या ग्रंथात शंकेला जागा नाही असे होते. पुढच्या शब्दाबरोबर वाचला तर त्या ग्रंथात मार्गदर्शन आहे असे होते. दोन्ही वाचने मान्य आहेत. पण दोन्हीकडे थांबले तर 'त्यात' हा शब्द अधांतरी लटकतो. तीन टिंबे वाचणाऱ्याला एवढे सगळे सांगत असतात.

तिसऱ्या सूरेच्या सातव्या आयतीत याहून मोठी गोष्ट एका छोट्या मीमवर उभी आहे. काही आयतींचा गूढ अर्थ कोणाला ठाऊक असतो, असा तिथला विषय. 'अल्लाह' या शब्दावर थांबले तर तो फक्त त्यालाच ठाऊक आहे. न थांबता पुढे गेले तर ज्ञानात मुरलेले लोकही त्यात येतात. भाष्यकार या एका थांब्यावर शतकानुशतके लिहीत आले आहेत. भारतातल्या प्रतींत तिथे थांबण्याचा मीम छापलेला असतो. तो फॉन्टात नसल्यामुळे गळला, तर वाचणारा नकळत दुसऱ्या बाजूला जातो आणि पानावर काही बिघडले आहे असे कोणाला वाटतही नाही.

सजद्याचे चिन्ह आणखी घरचे आहे. कुरआनात काही जागा अशा आहेत की तिथे पोहोचल्यावर वाचणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने सजदा करायचा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवायचे. त्या जागी एक खास खूण असते. 'हज' नावाच्या सूरेत अशा दोन जागा आहेत. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे आहेत, ते पहिल्याच जागी सजदा करतात. कोकणी मुसलमान मात्र बहुतांश शाफई आहेत, ते दोन्ही जागी करतात. म्हणून भारतात छापलेल्या प्रतींत दुसऱ्या जागेच्या शेजारी, समासात, हा सजदा इमाम शाफईंच्या मते आहे अशी बारीक नोंद असते. खूण आणि नोंद नीट छापली तर एकच प्रत दापोलीतही चालते आणि मालेगावातही.

अशा चिन्हांना उसनवारी का चालत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. दुरूदचे चिन्ह एकटे, स्वतःच्या पायांवर उभे असते. ते कुठल्याही फॉन्टातून आणले तरी फार तर जरा जाड किंवा बारीक दिसेल. छोटा मीम मात्र अक्षराच्या डोक्यावर बसतो. नेमका कुठे बसायचा, खालच्या अक्षराची उंची किती, शेजारी आधीच एखादी मात्रा आहे का, हा सगळा हिशेब फॉन्टच्या आत लिहिलेला असतो आणि तो त्याच फॉन्टातल्या अक्षरांपुरता असतो. अक्षर एका फॉन्टातले आणि मीम दुसऱ्यातला असला तर दोघांची ओळखच नसते. मग मीम बाजूला घसरतो, शेजारच्या शब्दावर चढतो किंवा टिंबाटिंबांच्या एका गोलावर एकटाच बसून राहतो. आयतीच्या शेवटी येणाऱ्या कड्याचेही तसेच. आयतीचा आकडा त्या कड्याच्या पोटात यावा लागतो. दुसऱ्या सूरेत २८६ आयती आहेत, म्हणजे कड्यात तीन आकडे मावायला हवेत. कडे एका फॉन्टाचे आणि आकडे दुसऱ्याचे झाले की आकडे कड्याबाहेर येऊन उभे राहतात.

ही अडचण काही अरबीचीच नाही. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अक्षराखाली आडवी रेघ असते आणि अक्षरावर उभी. त्या स्वराच्या खुणा आहेत, त्यांवर पठण अवलंबून असते. साध्या मराठी फॉन्टात वेदमंत्र लावू पाहणाऱ्या प्रकाशकांना त्या रेघा सरकण्याचा ताप असाच सोसावा लागतो. वैदिक पठणाच्या खुणांचा एक स्वतंत्र विभाग युनिकोडमध्ये आला तो २००९ मध्ये. आपल्या रोजच्या मराठीतल्या 'ॲ'लाही स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ उजाडावे लागले. त्याआधी 'अ'वर चंद्रकोर चढवायला गेले की टिंबांचा तोच गोल मध्ये येई. ॲसिड, ॲम्ब्युलन्स लिहिताना हा त्रास सगळ्यांनीच सारखा भोगला आहे.

यावर दोन टोकांचे उपाय झाले आहेत. मदीनेत १९८४ मध्ये कुरआनच्या छपाईसाठी किंग फहद संकुल उभे राहिले. सुलेखनकार उस्मान ताहा यांच्या हस्ताक्षरातली त्यांची प्रत जगभर पोहोचली आहे. तिची ६०४ पाने संगणकावर हुबेहूब आणण्यासाठी एक अचाट युक्ती केली गेली, प्रत्येक पानाला वेगळा फॉन्ट. ६०४ पाने, ६०४ फॉन्ट. त्यांत अक्षरे नाहीत, पूर्ण शब्दच आकृती म्हणून ठेवलेले आहेत. चिन्ह सरकण्याचा प्रश्नच नाही, कारण ते शब्दातच कोरलेले आहे. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर गेला तर डबासुद्धा दिसत नाही. त्या क्रमांकांवर बसलेली भलतीच अक्षरे दिसतात. जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर दुसरीकडे चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा जो चिवडा होतो त्याचाच हा भाऊबंद. पवित्र मजकुराच्या बाबतीत असा चिवडा कोऱ्या चौकोनाहून वाईट.

दुसरा उपाय संयमाचा आहे. खालिद होस्नी यांनी 'अमीरी' नावाचा मोफत फॉन्ट केला. कैरोच्या बुलाक छापखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे अरबी खिळे वापरात होते त्यांच्यावरून तो घेतला आहे. त्याची एक खास कुरआनी आवृत्तीही आहे. थांबे, कडी, सजद्याची खूण हे सगळे एकाच घरात, म्हणून उसनवारीची गरज पडत नाही. तरीही पाहून घ्यावे लागते. अरब जगातल्या प्रतींची आणि भारतातल्या प्रतींची चिन्हे तंतोतंत एक नाहीत. सजावंदींच्या पद्धतीतला छोटा 'तो' हा थांबा आपल्याकडच्या पानोपानी असतो, मदीनेच्या प्रतीत नसतो. सुकूनच्या खुणेचा आकारही वेगळा. आपल्या समासातला रुकूचा 'ऐन', ज्याच्या वर, पोटात आणि खाली असे तीन आकडे असतात, तोही तिकडे नाही. अरबी फॉन्ट घेतला म्हणजे काम झाले, असे इथल्या प्रकाशकाने समजू नये.

मोठ्या पुस्तकांसाठी वापरल्या जाणाऱ्या अक्षरजुळणीच्या प्रणालींत आणखी एक खोच आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये 'टेक' ही प्रणाली केली. विद्यापीठांतले प्रबंध आणि गणिताची पुस्तके तिच्यात जुळवली जातात आणि तिच्या नव्या आवृत्त्यांत अरबी व देवनागरी दोन्ही लावता येतात. ही प्रणाली मुळात उसनवारी करतच नाही. फॉन्टात चिन्ह नसेल तर ती जागा तशीच सोडून पुढे जाते आणि कामाच्या नोंदवहीत एक ओळ लिहून ठेवते की अमुक अक्षर मिळाले नाही. ती नोंदवही हजारो ओळींची असते, ती वाचतो कोण? हाफिजाच्या डोळ्याला पडले नाही तर ते गळणे गळणेच राहते. आता त्यातल्या 'लुआटेक' या प्रकारात पर्यायी फॉन्टांची यादी आधीच देता येते. २०२१ पासून अशी सोयही आहे की अक्षर गळले की काम तिथेच अडकावे आणि माणसाने पाहावे. कुरआनच्या आयती असलेले पुस्तक लावणाऱ्याने दुसरी सोय चालू ठेवावी हे बरे. अडून बसणारे यंत्र अशा कामी निमूट चालणाऱ्या यंत्रापेक्षा भले.

दुकानातल्या वेळापत्रकासाठी एवढा खटाटोप लागत नाही. दुआ पूर्णपणे एकाच अरबी फॉन्टात लावावी, मधलाच एखादा शब्द मराठी फॉन्टात राहू देऊ नये. दुरूदच्या चिन्हासाठी फॉन्ट हाताने निवडावा, संगणकाच्या मर्जीवर सोडू नये. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, आणि पडदा सोडून कागदावर एक प्रत काढून ती अरबी येणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. बिस्मिल्लाह आणि आयती रद्दीत जाऊ नयेत असे वाटत असेल तर त्या देवनागरीतही न छापणारे बरेच जण आहेत. ते वेळा, तारखा आणि मशिदीचा फोन क्रमांक एवढेच छापतात.

संपूर्ण कुरआन छापताना मात्र कागदावरची एक प्रत पुरत नाही. आपल्याकडे छापलेल्या कितीतरी प्रतींच्या शेवटी एक प्रमाणपत्र असते. ही प्रत हाफिजांनी अक्षर-अक्षर, मात्रा-मात्रा तपासली आहे, तरी कोणाला चूक आढळली तर प्रकाशकाला कळवावे, असा त्यातला आशय. तपासणारा पानावर बोट ठेवून तोंडाने म्हणत जातो. त्याची मूळ प्रत त्याच्या स्मरणात असते आणि पानावरचा थांबा पाठातल्या थांब्याशी जुळला नाही की बोट तिथेच थबकते.